अकरा मुरूम आणि मुंगळा

शाल्मलीने आरशात पुन्हा मोजले. सोमवारी कपाळावर तीन मुरूम होते. दिवसातून चार वेळा चेहरा घासूनही शुक्रवारी ते अकरा झाले होते. घासून पुसून स्वच्छ केलेली जागा आणखी बिघडते कशी?

आणि तेही नेमके आताच. शनिवारी तिची शाळा चांद्रतळावरच्या (चंद्रावर उभारलेल्या वसाहतीतल्या) मुलांशी बोलणार होती, आणि बोलायला बाईंनी निवडले होते शाल्मलीला. पडदा दुमजली घराएवढा. "ताई, चंद्रावरचे म्हणतील, पृथ्वीवर पण विवरं आहेत," असे धाकट्या भावाने सांगूनही टाकले होते. मी बोलणार नाही, असे बाईंना कळवायचे तिने ठरवले.

त्याआधी ती अप्पाआजोबांकडे गेली. अप्पा निवृत्त त्वचाशास्त्रज्ञ. बोलणे मोजके, मान कायम खाली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि तिच्या कपाळावर मुंगळा सोडला. मुंगळा म्हणजे तिळाएवढा यंत्रमानव. त्याला जे दिसे, ते मोठे होऊन भिंतीवर उमटे.

शाल्मलीने भिंतीकडे पाहिले. ते कपाळ नव्हतेच. नांगर फिरवलेले रान होते. जिकडेतिकडे लालभडक ओरखडे.

काय लावतेस, असे अप्पांनी विचारले. दिवाळीचे उरलेले उटणे, खसाखसा. मग कातडी ओढल्यासारखी होते म्हणून वर खोबरेल, असे तिने सांगितले.

"म्हणजे बये, तू दिवसातून चार वेळा नरकचतुर्दशी केलीस," अप्पा म्हणाले.

एवढ्यात मुंगळ्याने आपली केसाहून बारीक सोंड एका रोमछिद्रात (केस उगवतो त्या बारीक भोकात) खुपसली. आत तैलग्रंथी (तेल पाझरणारी सूक्ष्म पिशवी) दिसली. अप्पा सावकाश समजावू लागले. या वयात संप्रेरके (शरीरात निरोप पोचवणारी रसायने) वाढतात आणि ही पिशवी जास्त तेल सोडते. त्वचेच्या मेलेल्या पेशी त्यात चिकटतात आणि भोकाला बूच बसते. एरवी निमूट राहणारे जिवाणू कोंडलेल्या तेलावर पोसतात. शरीर त्यांच्याशी लढते, म्हणून जागा लाल होऊन सुजते. घासल्याने सूज वाढली, खोबरेलाने भोके आणखी बुजली.

"म्हणजे मी घाणेरडी नाही?" शाल्मलीने हळूच विचारले.

"अजिबात नाही."

उपाय साधा होता. सौम्य साबणाने दोनदाच चेहरा धुवायचा, उटणे आणि तेल बंद, डॉक्टर देतील ते मलम नेमाने लावायचे. गुण यायला सहा-आठ आठवडे लागणार होते. उद्यापर्यंत काहीच होणार नव्हते. तिचे नख नकळत सर्वांत मोठ्या मुरमाकडे गेले.

"थांब!"

अप्पांचा चढलेला आवाज तिने आजवर ऐकला नव्हता. त्यांनी मुंगळा उचलून स्वतःच्या गालावर ठेवला. भिंतीवर खोल खोल खड्डे उमटले. ते कांजिण्यांचे वण आहेत, असेच घरात सगळे समजत.

"तुझ्याएवढा असताना नखांनी फोडले," अप्पा म्हणाले. "लाजेपोटी सगळ्यांना कांजिण्या सांगितल्या. वर्गाच्या एकाही फोटोत मी नाही."

शाल्मलीने भिंतीवरच्या खड्ड्यांकडे पुन्हा एकदा पाहिले. मग तिने हात खाली घेतला.

शनिवारी ती पडद्यासमोर उभी राहिली, अकराच्या अकरा मुरमांसह. लिहून आणलेला प्रश्न बाजूला ठेवून तिने विचारले, "तुमच्याकडे मुरूम येतात का?"

प्रश्न चंद्रावर जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. ते तिला अडीच तासांसारखे वाटले. मग पडद्यावरच्या मुलाने कपाळावरचे केस मागे सारले. चांगले चौदा होते.

"तिकडे काही उपाय सापडलाय का?" त्याने विचारले.

"सापडलाय," शाल्मली म्हणाली. "पण आधी सांग, तू काय घासतोस?"