गेला, आला

सासूबाई सुनेला 'दुर्बीण' म्हणत. तोंडावर म्हणत, शेजारणींसमोरही म्हणत. सून वेधशाळेत नोकरीला, तेव्हा दुसरं काय म्हणणार, असा त्यांचा सवाल असे.

"निघाली दुर्बीण," त्या खाटेवरच्या मुलाला म्हणाल्या. "नवरा अंथरुणाला खिळलाय आणि हिला आभाळातलं ढेकूळ बघायचंय!"

"बर्फाचं ढेकूळ, आई," तो हसला आणि हसण्यानंच दमला. हृदय इतकं थकलं होतं की दोन वाक्यं सलग बोलवत नसत. बायकोला म्हणाला, "जाऊन ये तू. फोन तेवढा चालू ठेव. मला ऐकायचंय."

ऐकण्यासारखे दोनच शब्द होते. सूर्यापासून अतिदूर फिरणारं ते बर्फाळ ढेकूळ आज एका ताऱ्यासमोरून सरकणार होतं. तारा काही क्षण झाकला जाणार, पुन्हा दिसणार, आणि किती वेळ झाकला यावरून ढेकळाचा आकार कळणार. टिपायला कॅमेरा होताच, पण तिच्या गुरूंनी एक शिस्त लावली होती. तारा दिसेनासा झाला की मोठ्यानं 'गेला' म्हणायचं, दिसला की 'आला'. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अवाक्षर काढायचं नाही.

सासूबाईंना हे मुळीच खपत नसे. "घरात आजारी माणूस, दिवेलागणीची वेळ, आणि ही 'गेला गेला' करणार! हिच्या जिभेला काही हाड?"

वेधशाळेच्या घुमटात गारठा होता. टेबलावरच्या फोनमधून घरच्या पंख्याची घरघर आणि औषध ढवळणाऱ्या चमच्याची किणकिण ऐकू येत होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तारा स्थिर होता. मग तो विझला.

"गेला," ती म्हणाली.

किणकिण थांबली.

"अगं," सासूबाईंचा आवाज चिरकला, "हा श्वास घेत नाहीये."

तरी तिची नजर पडद्यावरच राहिली आणि तिला स्वतःची भयंकर चीड आली. "आई, छाती दाबा! जोरात! शेजाऱ्यांना हाक मारा!"

"दाबतेय गं! काही होत नाहीये!"

एव्हाना तारा दिसायला हवा होता. आभाळ स्वच्छ होतं. आजूबाजूचे बारीकसारीक तारेसुद्धा जागच्या जागी होते. तेवढा एकच नव्हता.

"आला म्हण!" सासूबाई किंचाळल्या. "तूच घालवलंस त्याला. आला म्हण!"

"अहो, पण अजून दिसला नाही..."

"म्हण, मेले! पाया पडते तुझ्या!"

असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण तो तिचा नवरा होता आणि तिला तो हवा होता. बाकी सगळं गेलं खड्ड्यात. तिनं डोळे मिटले.

"आला."

फोनमध्ये कुणीतरी खोल श्वास ओढला.

"उठला! अगं, उठून बसला!" सासूबाई रडत होत्या, हसत होत्या. तीही रडायला लागली. डोळे पुसून तिनं पडदा पाहिला. ताऱ्याची जागा काळीच होती.

"किती गार पडलाय गं," सासूबाई म्हणाल्या. "हात धरवत नाही याचा. पण बघ, कसा ताठ बसलाय."

"त्यांच्याकडे फोन द्या."

"बोलत नाहीये अजून. नुसता हसतोय."

तेवढ्यात तारा दिसला. जणू काही झालंच नव्हतं, असा लख्ख.

फोनमध्ये दारावर थाप पडली.

"आई," दाराबाहेरून आवाज आला. तोच आवाज, शब्दाशब्दाला धाप लागणारा. "दार उघड. फार... थंडी आहे गं."

ती फोनवर ओरडली. "आई, उघडा! ते बाहेर आहेत! अहो, तेच आहेत ते!"

"वेड लागलंय का तुला? माझा मुलगा माझ्याजवळ बसलाय." मग हलकी कुजबुज झाली. सासूबाईंचा स्वर एकदम लाडाचा झाला. "बोलला बाई एकदाचा! उघडू नकोस म्हणतोय."

"आई गं..." बाहेरचा आवाज खूप दमला होता.

सासूबाईंची पावलं दाराकडे गेली आणि थबकली. बाहेरून पोटच्या पोराच्या आवाजानं दोनदा हाक आली होती. सुनेनं फोन कानाशी घट्ट धरला.

खालची कडी लागलेलीच असायची. आता वरची कडीही सरकवल्याचा आवाज आला.