उशीखालची चकती

मी डोक्यावर गादी घेऊन जिना चढत होते आणि तो खांद्यावर शिडी घेऊन उतरत होता. वळणावर दोघंही अडकलो. तो काहीतरी ओरडला म्हणे. मला काय ऐकू येणार, कप्पाळ! जन्मापासूनची बहिरी मी. गादी बाजूला सारून म्हटलं, "ऐकू येत नाही मला. ओठ वाचते."

त्यानं शिडी खाली ठेवली. "म्हटलं, आधी शिडी जाऊ दे. पण गादीखाली कोण आहे ते कुठं माहीत होतं... नाहीतर मीच मागं फिरलो असतो!"

आगाऊ कुठला!

तो आगीचे अलार्म बसवणारा होता, आणि माझं सगळं त्याच्याच हातात होतं. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून मला ठेवायला संस्था तयार होती, पण एका अटीवर – आग लागली तर मला झोपेतून जाग आली पाहिजे. बाबांचीही तीच अट. सव्वीस वर्षं ते माझ्या खोलीचं दार उघडं ठेवून बाहेर झोपत आले होते; आजही खात्री करायला सोबत आले होते.

त्यानं माझ्या उशीखाली थरथरणारी चकती ठेवली, समोर लखलखणारा दिवा लावला आणि दोन्ही तळमजल्यावरच्या, सगळे अलार्म चालवणाऱ्या लाल पॅनेलला जोडली.

"आता झोपा."

"सकाळी अकराला?"

"खरीखुरी झोप हवी. सोंग चालणार नाही."

"बरं, लागली की सांगते."

"झोप लागल्यावर कशा सांगणार?"

"मग दाराबाहेर तरी बसू नका... तुम्ही असलात की झोप येत नाही." बोलून गेले आणि जीभ चावली. तो कानापर्यंत लाल!

कसाबसा डोळा लागला. त्यानं चाचणीसाठी अलार्म वाजवला, तर चकती जेमतेम थरथरली आणि थांबली. मी कूस बदलून पुन्हा झोपले! बाबांचा चेहरा उतरला. "चल, घरी जाऊ," म्हणाले. मला रडूच कोसळलं.

तो मात्र पॅनेलसमोर ठाण मांडून बसला. शेवटी पाणी कुठं मुरतंय ते कळलं. कान किटले म्हणून स्वयंपाकाच्या मावशींनी घंटा थांबवायचं बटण दाबलं होतं, आणि पॅनेलच्या यादीत माझी चकती घंटा म्हणूनच नोंदलेली. घंटेबरोबर तीही गप्प, दिवाही.

"चूक माझीच," तो म्हणाला. "ऐकणाऱ्यांना पुरे झालं म्हणजे तुम्हालाही पुरे झालं, असं धरून चाललो." त्यानं माझ्यासमोर नोंद बदलली. आता कुणी काहीही दाबो, मी उठून माझ्या दाराजवळचं बटण दाबीन तेव्हाच ती थांबणार होती.

दुपारी रडून थकलेली मी गाढ झोपले. आणि मग... अगं बाई! उशी, पलंग, माझी हाडं – सगळं जागं झालं. पांढरा उजेड भिंतींवर आपटत होता. खाली मावशी बटणं दाबून थकल्या, तरी थांबेना. जन्मात मला कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारली नव्हती. आज अख्खी इमारत मला एकटीला हाक मारत होती. मी क्षणभर थक्क होऊन बसूनच राहिले, मग धावत जाऊन बटण दाबलं.

बाबा दारात डोळे पुसत उभे होते. "मी निघतो," म्हणाले. "आज दार लावून झोप, पोरी."

ते गेले. तो हत्यारं आवरत होता.

"सकाळीच जमलं असतं तर एव्हाना गेला असतात," मी म्हटलं. "चुकलं ते बरंच झालं."

"का?"

"कारण... मला तुम्ही आवडलात."

त्याच्या हातातला पेचकस खाली पडला. तो उचलायचं सोडून, माझ्याकडे बघत, तो सावकाश दोनच शब्द बोलला.

"नीट दिसलं नाही," मी म्हटलं. साफ खोटं! पण तीनदा वदवून घेतलं.