तुमचे देव किती?

प्राचीच्या मांडीवर रोपं होती, पायाशी रोपं होती आणि एसटीच्या वाटेतही रोपंच होती. कंडक्टर कमरेवर हात ठेवून त्या हिरव्या गर्दीकडे बघत उभा राहिला.

"बाई, हे गाडी होय का जंगल होय?"

"शाळेची झाडं होत जी. पोट्ट्यायले लावाले."

"मंग वाटेत काऊन ठेवली? बुढ्या बाया पडतीन ना!"

मागच्या सीटवरून एक पोरगा उठला. खांद्याला झोळा, पावसानं कपाळावर चिकटलेले केस. त्यानं वाटेतली रोपं उचलली, प्राचीच्या शेजारी बसला आणि ती सगळी आपल्या मांडीवर घेतली. पांढऱ्या शर्टावर चिखलाचे ओघळ आले, पण त्याला त्याचं काही नव्हतं.

"झालं जी," तो कंडक्टरला म्हणाला. "अर्धे लेकरं माह्ये, अर्धे बाईचे."

सारी गाडी हसली. पुढच्या सीटवरच्या, धानाच्या रोवण्याला निघालेल्या बायांनी तर वळून वळून बघितलं. प्राचीचे कान तापले.

"माह्ये लेकरं वापस करा," ती दातओठ खात पुटपुटली.

"उतरल्यावर. आता झोपून राहिले ते."

खिडकीबाहेर धानाच्या बांध्यांमधून पाणी चमकत होतं. तिनं ठरवलं की आता पूर्ण रस्ता बाहेरच बघायचं. आणि बघितलंही… काचेत त्याचा चेहरा दिसत होता, एवढीच काय ती अडचण.

उतरायची जागा एकच निघाली. पायवाट एकच निघाली. तळ्याकाठच्या जिल्हा परिषद शाळेचं फाटकही एकच निघालं, तेव्हा दोघंही थांबले.

"तुम्ही पण?" तो म्हणाला.

"मी पण काय? मी आधी!"

कॉलेजच्या सेवा योजनेतून दर शनिवारी या शाळेत पोरांना पर्यावरण शिकवायचं होतं. एक विद्यार्थी तिच्या कॉलेजातून, एक देवरीकडच्या कॉलेजातून. हेडमास्तर चंद्रकुमार सर तिरोड्याकडचे, गोंदियात वाढलेले. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली, की कुठून सुरू झाली ते कळू नये. त्यांनी व्हरांड्यातच दोघांची नावं विचारली. पोरानं सांगितलं, गुलशन. मग आडनाव सांगितलं.

आडनाव गोंडाचं. प्राचीही गोंड. तिला आनंद झाला आणि त्याच पावलानं भीती आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, नाही तर पुढचं काही उमगायचं नाही. गोंडांची घराणी देवांवरून ओळखली जातात. कोणी चार देवांचं, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्यांचे देव सारखे ते सगळे भाऊ-बहीण. मग एक सालेकशाचा असो अन् दुसरी नवेगावची, जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसो, भाऊ-बहीण म्हणजे भाऊ-बहीण. त्यांच्यात लग्न होत नाही. बहुतेकदा आडनाव कानावर पडलं की देव कळतात. म्हणजे पोरापोरींना जीव लावायच्या आधीच सावध होता येतं. मोठी सोयीची व्यवस्था! पण गुलशनचं आडनाव असं बेटं, की एका भागात ते सहा देवांत धरतात आणि दुसऱ्या भागात सातांत.

प्राची सहा देवांची.

मग सरळ विचारून टाकायचं ना, असं तुम्ही म्हणाल. पण तो प्रश्न पोरगी पोराला विचारत नाही. घरचे विचारतात, तेही सोयरीक काढायची असली की. पोरीनं आपल्या तोंडानं 'तुमचे देव किती' म्हणणं म्हणजे अंगणात मांडवाचे खांब गाडून ठेवणं.

आणि प्राचीला हे इतर कोणाहूनही जास्त कळत होतं. तिचे वडील उमराव हे गावातले जाणते. लग्न जुळवायचं तर लोक आधी त्यांच्या ओसरीवर येत. याच उन्हाळ्यात दोन घरची माणसं आली होती. पोरापोरीचं आधीच जमलेलं. बोलता बोलता देव निघाले, सारखे निघाले. उमराव हलक्या आवाजात एवढंच म्हणाले, "भाऊ-बहीण होत जी." मंडळी चहा न घेता उठली. पोरगा दारात वाकून किती तरी वेळ चपला शोधत होता. चपला त्याच्या समोरच होत्या.

म्हणून प्राचीनं विचारलं नाही. विचारलं नाही तोवर अर्धी आशा आपली.

शनिवार येऊ लागले. आधी आठवड्यातून एक दिवस शनिवार असायचा. हळूहळू तिचा सारा आठवडाच शनिवारकडे कलला. गुलशन आता मामाकडे राहायला आला होता आणि तिच्याच गाडीनं येत होता. ती चढायची तेव्हा शेजारची जागा झोळा ठेवून धरलेली असायची.

"कोणासाठी धरली?" ती विचारायची.

"आहे एक बाई. लई भांडते. तुम्ही बसा तोवर."

शाळेत त्यांचा पहिलाच धडा रंगला तो पोरांमुळे. प्राचीनं विचारलं, तुमच्या घरी कोणतं झाड तोडत नाहीत, कोणता जीव मारत नाहीत? अर्धे हात वर. कोणाच्या कुळात कासवाला हात लावत नव्हते, कोणाच्या घरी एका पाखराचं नाव आदरानं घेत होते. मासे धरणाऱ्या ढिवराची पोरगी म्हणाली, "माहे बाबा अंड्याची मासोळी पाण्यात सोडून देतेत." कोहळी समाजाचा पोरगा छाती काढून उभा राहिला, "हा तलावच आमच्या पुरख्यानं बांधला!" त्यावर बाकीच्यांनी त्याला खाली ओढलं.

तेवढ्यात चौथीतली दुर्गा, जिला गप्प बसणं कोणी शिकवलंच नव्हतं, उठली. "सर, तुमचं झाड कोनतं?"

प्राचीचा खडू थांबला. झाडावरून कूळ, कुळावरून देव… दुर्गाला तेवढं अंतर कापायला वेळ लागला नसता.

"माह्यं?" गुलशन हसला. "जिथं सावली भेटली ते."

"असं नाई रायत सर!"

"मंग मॅडमले विचार."

"खिचडी झाली!" प्राची घाईनं म्हणाली. "चला, हात धुवा!"

खिचडी अजून चुलीवर होती. जमुनाबाईंनी, म्हणजे स्वयंपाकाच्या बाईंनी, पोरांची रांग बघून कपाळावर हात मारला. पण प्राचीला हायसं वाटलं. त्यानंही उत्तर टाळलं होतं. म्हणजे तोही घाबरतो. म्हणजे त्यालाही…! पोरीची जात, कशावरही मनोरा बांधते.

पुढच्या एका शनिवारी तलावाच्या काठची बेशरम उपटायचं काम निघालं. ही झुडपं कुठंही खोचा, जगतात. कमळांना आणि गवताला जागा म्हणून ठेवत नाहीत. पोरं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ही दोघं गुडघाभर पाण्यात. भुरभुर पाऊस. गुलाबी-जांभळी फुलं तिच्या केसांना घासत होती.

"किती सुंदर फूल आहे," गुलशन म्हणाला. "अन् नाव पाहा! असं नाव कोणी ठेवलं असंल?"

"तिले कोणी तरी एसटीत भेटलं असंल. तुमच्यासारखं."

तो असा खळखळून हसला, की पाळीवरची पोरंही कारण नसताना हसली. आणि त्याच वेळी प्राची ओरडली. टाचेच्या वर जळू चिकटली होती, चांगली फुगलेली.

तिला काठावर बसवून गुलशन शाळेत पळाला आणि जमुनाबाईंकडून मूठभर मीठ घेऊन आला. गुडघ्यावर बसला. तिची टाच त्यानं तळहातावर घेतली आणि चिमटीनं मीठ टाकलं, जसं काही कोणाच्या पानात वाढतोय. जळू गळून पडली. त्याचा हात तसाच राहिला. पाऊस त्याच्या पापण्यांवरून खाली येत होता.

"पडली जी," ती हळूच म्हणाली.

"कोण?"

"जळू…"

"हो… हो ना."

चटका बसल्यासारखा त्यानं हात काढला. उठून पाण्याशी गेला आणि पाठमोरा उभा राहून हात धूत राहिला. हाताला लागलं होतं ते नुसतं मीठ. एवढा वेळ कायले लागतो धुवायला? प्राचीला वाटलं, लाजला. त्या रात्री तिनं पायावरचा तो लालसर ठिपका किती वेळा पाहिला असेल, ते तिच्या उशीला माहीत.

राखीच्या आधीचा शनिवार उजाडला. पोरांनी अंबाडीच्या सुतात धानाचे दाणे आणि करंजाच्या बिया ओवून राख्या केल्या होत्या. कार्यक्रम असा, की प्रत्येकानं शाळेभोवतीच्या एका झाडाला राखी बांधायची आणि त्याची राखण पत्करायची. कल्पना प्राचीची. राख्या ओवायला गुलशननं शिकवलं, पोरींपेक्षाही सुबक.

सगळी झाडं सजली. फोटो निघाले. आणि चंद्रकुमार सरांना उत्साह चढला.

"अरे, एक राखी बच गई!" त्यांनी ती उचलून प्राचीच्या हातात दिली. "प्राची मॅडम, ही गुलशन सरला बांधा. बच्चों के सामने एक आदर्श होऊन जाईल. चला, पोट्टे हो, टाळ्या!"

टाळ्या सुरू झाल्या. माणूस मनानं इतका चांगला, की त्याच्यावर रागावताही येईना.

प्राचीच्या हातात राखी. समोर गुलशन. तो हसत नव्हता. उजवा हात त्यानं अर्धा पुढे केला होता आणि तो तिथंच अडला होता; ना पुढे येत होता, ना मागे जात होता.

बांधली, तर सगळं संपलं. नाही बांधली, तर का नाही ते सांगावं लागणार. सांगायचं तर आधी माहीत पाहिजे. इतके शनिवार जपून ठेवलेली ती अर्धी आशा आता एक तर पूर्ण व्हायला हवी होती, नाही तर…

"थांबा सर," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. मग तिनं गुलशनकडे पाहिलं आणि भर शाळेसमोर, पोरांसमोर, जमुनाबाईंसमोर विचारलं,

"तुमचे देव किती?"

टाळ्या थांबल्या.

सरांना काही कळलं नाही. पण पोरांना कळलं. जमुनाबाईंचा पदर तोंडाशी गेला. दुर्गानं शेजारणीला कोपर मारलं. एखाद्या पोरीनं मनातलं याहून उघडं कसं सांगायचं? गुलशनलाही कळलं. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर असा उजेड आला, की प्राचीला वाटलं, सात! सातच म्हणणार!

"सहा," तो म्हणाला.

झाडांवरचं पाणी टपटपत होतं.

"आमच्या भागात सहाच धरतात," तो खालच्या आवाजात पुढे म्हणाला. "पहिल्या शनिवारीच घरी गेलो अन् मायले विचारलं. तुमचे किती ते मामाले माहीत होते. तुमच्या बाबाले सारेच ओळखतात."

"पहिल्याच शनिवारी?"

"हो."

"अन् सांगितलं नाई?"

"तुम्ही विचारलं नाई ना… विचारलं असतं, तर गाडीत दुसऱ्या सीटवर बसा लागलं असतं."

म्हणजे ती भीतीनं गप्प होती आणि तो सगळं माहीत असून. ती आशेवर जगत होती, आणि हा वेडा… कशावर जगत होता?

"क्या हुआ?" सरांनी दुर्गाला विचारलं.

"दोघंही सहा देवाचे होत सर. भाऊ-बहीण होत."

"अरे वा!" सरांचा चेहरा खुलला. "मग तर बातच खतम! घरचीच राखी! बांधो, बांधो!"

गुलशननं हात पूर्ण पुढे केला. नजर जमिनीवर. मनगटावर बेशरम उपटताना उठलेला एक ओरखडा अजून दिसत होता.

प्राची त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं राखीची गाठ बोटांत धरली, वळली आणि चार पावलांवरच्या करंजाला ती बांधली. त्याला आधीच एक राखी होती. असू दे.

"आज झाडांचा कार्यक्रम आहे सर," ती म्हणाली. आवाज कापरा झाला नाही, याचं तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

आणि गुलशनच्या जवळून जाताना, फक्त त्याला ऐकू जाईल असं ती बोलली, "देवानं भाऊ केलं, ते मी मानते. माह्या हातानं नाई करणार."

दुपारी दोघं फाट्यावर उभी होती. ढग उतरून आले होते. समोरच्या बांधीत बगळे एका पायावर उभे होते. त्यांना कुठलीच गाडी पकडायची नव्हती.

"पुढच्या शनिवारपासून मी दुसरी शाळा मागून घेतो," गुलशन म्हणाला. "इटियाडोहकडे एक आहे."

"हं."

"बाबाले विचारून पाहू का एकदा? काही वाट असंल तर…"

"माह्याच बाबाले?" ती कशीबशी हसली. "त्यायनं किती जणायले परत पाठवलं माहीत आहे? आपल्याच पोरीसाठी वाट काढली, तर त्या पोरायनं काय करावं?"

त्यानं खांद्यावरचा झोळा सावरला. दोघं ओल्या रस्त्याकडे बघत राहिली. दूर वळणावर गाडीचा आवाज आला. तिची गाडी. त्याला दुसरीनं जायचं होतं, उलट्या दिशेची; आज तो मामाकडे नाही, आपल्या घरी निघाला होता.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचारा."

"आमच्याकडे बहिणीले 'तुम्ही' नाई म्हणत. तू म्हणतात." तो थांबला. "आता तू म्हणा लागंल ना…?"

गाडी जवळ येत होती. प्राचीनं ओढणी डोक्यावर घेतली, हात दाखवला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"चार लोकायत 'तू' म्हणा. एकटे असलो तर नका म्हणू."

गाडी थांबली. दार करकरलं. ती पायरीवर चढली आणि मग राहवलं नाही, मागं वळली. तो पावसात उभा होता, दोन्ही हात मोकळे.

"तुम्ही…" तो म्हणाला. आणि पुढे काहीच म्हणाला नाही.