पारवीचा तंग

भीमेच्या पात्रावर धुके दाटले होते. पैलतीरी कातरागडाचा माथा तेवढा उन्हात आला होता, आणि अलीकडच्या माळावर भरलेल्या घोड्यांच्या बाजाराला बादशाही सरदार नादिमखानाच्या पहाऱ्यांनी वेढले होते. खरेदी पुरी होईतो कोणी बाजार सोडायचा नाही, सोडला तर घरच्याची मान जाईल, अशी दवंडी खानाने पिटवली होती.

रखमाजी वाघमोडे त्या खोऱ्यातला नावाजलेला घोडेव्यापारी. खानाने त्याच्याकडे मागितलेली जनावरे मात्र निराळीच होती: चढाला न दमणारी आणि दुसरे घोडे दिसले तरी न खिंकाळणारी.

"मुकं घोडं लढाईला कोण मागतं, गोजरे?" तो लेकीला हळूच म्हणाला होता. "गडाच्या मागल्या घळीतून चढणार हे. आणि वर कुणाला गंध नाही."

"मग कुणाला धाडायचं, आबा?"

रखमाजी घोड्यांना वैरण टाकायला वळला होता.

आता खान खुद्द पुढ्यात बसला होता आणि त्याला पारवी पाहायची होती. ती करडी घोडी गोजराशिवाय कोणाला पाठीवर बसू देत नसे. खानाच्या दोन स्वारांनी नुकतीच धूळ चाटली होती.

"वाघमोडे, घोडी विकतोस की लेक?" खान हसला. "ही तर दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही!"

"दोघीही हट्टी, सरकार. घोडीचा हट्ट चाबकानं तरी उतरेल. लेकीपुढं मीच हात टेकलेत."

सारे हसले. गोजरा खोगिरावर बसली, तसा रखमाजी वाकून पोटाखालचा पट्टा तपासू लागला. गिऱ्हाइकाला चाल दाखवायची तर हा तंग सैल ठेवायचा, म्हणजे घोडे अंग मोकळे सोडून झुलत चालते, हे गोजरा त्याच्याकडूनच शिकली होती. लांबच्या दौडीलाच तंग आवळायचा. रखमाजीने पट्टा ओढला, पुन्हा ओढला, पारवीने नाराजीने कान पाडले तरी ओढला.

गोजरा त्याच्याकडे वाकली. "आबा, तंग..."

"ठीक आहे तो," रखमाजी मोठ्याने म्हणाला. "खाँसाहेबांना चाल दाखव. तिचं तोंड ओढू नको, पाण्यात बिचकते ती."

माळावर पाणी कुठेच नव्हते. पाणी होते ते नदीच्या उतारावर, जिथून घोड्यावरून पैलतीरी जाता येई.

तिला खाली उतरून त्याचे पाय धरावेसे वाटले. तिने टाच दिली. घोडीने माळाला एक संथ फेरी घातली. खानाने मान डोलावली. आणि दुसऱ्या फेरीला, जिथे वळायचे तिथे न वळता, पारवी धुक्यात शिरली.

त्या दिवशी मागल्या घळीवर गडकऱ्याने दगडांच्या राशी रचल्या. खानाची मुकी घोडी अर्ध्या चढावरूनच परत फिरली आणि आठवडा संपायच्या आत खानाने तळ उठवला. गडकऱ्याने भर सदरेत गोजराच्या हाती सोन्याचे कडे दिले. तिने ते घेतले, मुजरा केला आणि पारवीला घेऊन ती माळावर आली.

तिथे एकटा हुसेन नालबंद आपली भट्टी आवरत होता.

"सांगा, चाचा," ती म्हणाली.

"खानानं विचारलं, लेक कुठं गेली? तर रखमाजी म्हणे, सरकार, घोडी चांगली निघाली, आता भाव वाढला." म्हातारा हसायला गेला, पण ते जमले नाही. "बोलताना वरच्या बाभुळबनाकडं डोळे लावून होता. सगळे स्वार तिकडंच धावले. अखेरपर्यंत नदीकडं एकदाही पाहिलं नाही त्यानं, बेटी."

गोजराने बाभुळबनाकडे पाहिले.

"मी पोचले, हे कळलं का त्यांना?"

"स्वार हात हलवत परतले, तेव्हाच मान गेली त्याची," हुसेन म्हणाला. मग पारवीचा ढिला झालेला नाल पाहून त्याने पिशवीतून हातोडी काढली. नाल ठोकताना खूर धरायचे काम नेहमी रखमाजीचे असे. गोजरा खाली बसली आणि तिने तो खूर मांडीवर घेतला.