पाच ते सहाचा तास

वसतिगृहाच्या यादीत बारकीचा नंबर बासष्टावा लागला, आणि खाटा होत्या साठ. कारकुनाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "सहामाहीनंतर ये," तो म्हणाला. "पोरी गळतात मध्येच. मग बघू."

तोवर राहायचं कुठे, हे त्याने विचारलं नाही आणि तिनेही काढलं नाही.

अंगाने काडी म्हणून घरचे तिला बारकी म्हणत. बाकी पोरगी गणितात पक्की, आणि हट्टाचं तर विचारूच नका. शिंपीकाम करणाऱ्या वडिलांनी तिला कॉलेजच्या गावी सोडताना बजावलं होतं, "एक वर्ष देतो. नाही जमलं, तर मुकाट्याने परत यायचं आणि दुकानात काजं करत बसायचं." धाकटी बहीण, नऊ वर्षांची, तिच्या ओढणीचं टोक धरून एसटीच्या दारापर्यंत आली होती. तिच्याकडे बारकीने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. एकदा पाहिलं की पाय निघत नाही, हे तिला ठाऊक होतं.

पहिले दहा दिवस ती आत्याकडे राहिली. "राहा गं, घर तुझंच आहे," असं आत्या रोज म्हणायची, आणि रोज सकाळी बारकी तोंड धुऊन येईतो तिची वळकटी माळ्यावर गेलेली असायची. जागा शोधून बारकीच्या चपला झिजल्या. एक घरमालकीण फक्त नोकरदार बाईला खोली देणार होती. दुसरीकडे एका खोलीत सहा जणी होत्या आणि सातवीने पलंगाखाली झोपायचं होतं. कामाचंही तेच. बेकरीवाल्याने तिचे दंड पाहूनच मान हलवली. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "अनुभव?"

"मशीनला हात लावू दिला तर येईल ना."

तो हसला. काम त्याने दिलं नाही, पण भिंतीवरच्या एका कागदाकडे बोट केलं. "हे बघ. तुझ्यासारख्यांसाठीच आहे. दर वर्षी लागतं, मीच छापून देतो."

कागदावर लिहिलं होतं : विद्यार्थिनीस राहायला खोली, जेवणासह. भाडं नाही. त्याबदली रोज पाच ते सहा वर्गात बसावं लागेल.

"कसला वर्ग?"

"म्हाताऱ्या मास्तरांचा. नुसतं बसायचं गं," झेरॉक्सवाला म्हणाला, आणि उगाचच कागदांना टाचण्या मारत राहिला.

घर गावाच्या टोकाला होतं, पण चांगलं उजेडाचं. दार उघडलं ते मास्तरांच्या मुलीने. पन्नाशीची, टपाल कचेरीत नोकरी करणारी, बोलायला मऊ. सगळे तिला ताई म्हणत. तिच्या उजव्या हाताची बोटं वाकडी होती. बारकीची नजर तिकडे गेली तशी ती म्हणाली, "दारात सापडली होती लहानपणी." कुणी विचारलं नव्हतं.

वरची खोली पाहून बारकीला रडू यायचं बाकी राहिलं. स्वतंत्र खाट, टेबल, दिवा, खिडकी. मग ताईने तिला खालच्या मागच्या खोलीत नेलं.

तिथे भिंतीवर फळा होता. फळ्यासमोर एकच लाकडी बाक. आणि बाकाच्या मागे, दोन हातांवर, खाट. खाटेवर सर.

"चाळीस वर्षं गणित शिकवलं," ताई कुजबुजली. "तीन वर्षांपूर्वी झटका आला. तेव्हापासून अंग हलत नाही, वाचा नाही. फक्त डोळे. समोर कुणीतरी गणित करत बसलं की शांत असतात."

"पण खाट मागे का? त्यांना माझी पाठच दिसणार."

"सर नेहमी मागूनच फिरायचे. पोरांच्या."

नियम थोडेच होते. वहीच्या पहिल्या पानावर नाव आणि घरचा पूर्ण पत्ता लिहायचा, ती सरांची शिस्त. जुन्या पुस्तकातली गणितं ओळीने सोडवायची. सहाचे ठोके पडेपर्यंत उठायचं नाही. आणि मागे पाहायचं नाही.

खोलीत खडूचा वास होता, औषधांचा होता, आणि त्याखाली आणखी एक, कपाटात बरेच दिवस बंद राहिलेल्या ओल्या कपड्यांसारखा. मागून सरांचा श्वास येत होता. आत ओढताना घरघर, सोडताना शीळ. पहिली चार गणितं बारकीने खेळत केली. पाचव्यात घाईत हातचा एक विसरला.

श्वास थांबला.

तिने मान ताठ केली. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, बाकी काही नाही. आणि मग तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर सण्णकन काहीतरी बसलं. समोर कुणी नव्हतं. बाजूला कुणी नव्हतं. बोटांच्या सांध्यांवरून एक लाल रेघ उठत होती, डोळ्यांदेखत.

तिने हातचा एक मिळवला. मागे घरघर पुन्हा सुरू झाली.

सहा वाजता ती धावत स्वयंपाकघरात गेली. "ताई... माझ्या हाताला..."

ताई ओट्यापाशी उभी होती. तिच्या हातात मलमाची डबी होती, झाकण आधीच उघडलेलं. "चुकलं असेल काहीतरी," ती म्हणाली, आणि इतक्या हलक्या हाताने मलम लावू लागली की बारकीने हात तसाच पुढे धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आत्याकडे गेली. आत्याने दार अर्धंच उघडलं. "अगं, एवढी सोन्यासारखी जागा मिळाली तुला! तुझ्या बाबांना कळवलंसुद्धा मी." बारकीने घरी जाऊन काजं करण्याचा विचार करून पाहिला. संध्याकाळी पाचला ती बाकावर बसलेली होती.

माणूस कशालाही सरावतं. बारकी चुकायचीच बंद झाली. महिन्याभरात कॉलेजच्या चाचणीत ती पहिली आली. प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर तिची वही वर धरली आणि हे सरांच्या कृपेनेच झालं असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. त्याची तिला लाज वाटली नाही.

पण पुस्तक पुढे पुढे जात होतं. गणितं आता तिच्या आवाक्याबाहेरची होती. रोज एक, मग रोज दोन रेघा. बोटं सुजून केळ्यांसारखी झाली. कॉलेजात पेन धरवेना तेव्हा शेजारची मुलगी तिच्यासाठी नोट्स उतरवून देऊ लागली.

ह्या मुलीला सगळे गोगलगाय म्हणत, कारण तिचं घर तिच्या पाठीवर होतं. जागा न मिळाल्यामुळे ती आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे झोपायची आणि दिवसभर भलीमोठी पाठपिशवी घेऊन हिंडायची. स्वभावाने हसरी, गणितात मात्र शून्य. "माझं आणि गणिताचं सात जन्मांचं वैर," असं म्हणून स्वतःच खिदळायची.

त्या संध्याकाळी बारकीने ताईला विचारलं, "तुमची बोटं दारात सापडली नव्हती ना?"

ताईने भांडी विसळणं थांबवलं नाही. "लहानपणापासून तेवीस वर्षं बसले मी त्या बाकावर. कच्ची होते गं गणितात."

"आणि आता मला बसवलंत."

"तुला आणि तुझ्या आधी चौघींना. कुणीतरी बसायलाच हवं."

"नाही बसलं तर?"

ताईने हात पुसले, मागच्या खोलीच्या दारापाशी गेली आणि कडी नीट बसली आहे ना ते दोनदा चाचपून पाहिलं.

त्याच आठवड्यात वसतिगृहात एक खाट रिकामी झाली. यादीत पुढचा नंबर गोगलगायीचा होता, तिच्यामागे बारकीचा.

"मला दे तुझा नंबर," बारकी तिला म्हणाली. "त्याबदली माझी खोली घे. फुकट आहे. दोन वेळचं जेवण. खिडकीसुद्धा आहे."

"आणि काम?"

"काही नाही गं. तासभर बसायचं. आजारी म्हाताऱ्यांना सोबत."

गोगलगायीचे डोळे भरून आले. तिने बारकीला घट्ट मिठी मारली, तिचा सुजलेला हात सांभाळून, आणि म्हणाली, "सख्खी बहीणसुद्धा एवढं करणार नाही." बारकीने तिची पाठपिशवी स्वतः उचलून त्या घरापर्यंत नेली. दारात ताईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. बारकीने नजर चुकवली. ताईने नाही चुकवली. ती किंचित हसली, जुन्या ओळखीचं माणूस रस्त्यात भेटावं तशी.

पहिल्या दिवशी गोगलगाय कॉलेजात आली, तेव्हा तिने दोन्ही हात ओढणीखाली झाकले होते. बारकी दुसऱ्या दाराने बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी तिने लांबून हाक मारली, "बारके, थांब ना... मला काही विचारायचंय..." बारकी थांबली नाही. तिसऱ्या दिवसापासून गोगलगाय आलीच नाही.

आठवडा गेला. वसतिगृहात बारकीला झोप चांगली लागत होती, हाताची सूज उतरत होती. पण उद्यावर सहामाही आली आणि तिची जुनी वही त्या घरीच राहिली होती, म्हणून म्हणा, किंवा दुसऱ्या कशाने म्हणा, ती दुपारी तिकडे गेली.

घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. ताई अंगणात गाद्या उन्हाला घालत होती, आणि गुणगुणत होती.

"माझी मैत्रीण?"

"पळाली. तिसऱ्या दिवशीच. भेटली नाही तुला?" ताई म्हणाली. तिच्यामागे ओसरीवर ती पाठपिशवी पडलेली होती, भरलेली, बंद आवळलेली, तशीच. "मला काय माहीत ती घाबरट निघेल! दुसरी कुणी मिळेना, बाक चार दिवस रिकामा राहिला."

"आणि सर?"

"सर गेले."

"वारले?"

"वारले कुठे? गेले." ताईने उशी दोन्ही हातांनी झटकली. वाकड्या बोटांतून ती निसटली, तशी ती हसली. "परवा सकाळी बघते तर खाट रिकामी, कडी आतून तुटलेली. तुझी वहीसुद्धा नाही जागेवर. ती घेऊन गेले बहुतेक."

बारकी तडक रस्त्याला लागली. वसतिगृहाच्या जिन्यात येऊन तिने घरी फोन लावला. आईने तो पहिल्याच घंटेला उचलला.

"आई, सगळं ठीक आहे ना?"

"तुझे सर आलेत," आई म्हणाली. अगदी हळू. "परवा संध्याकाळी आले. हातात तुझी वही होती. तुझी शिकवणी अर्धी राहिलीय म्हणाले... म्हणजे, म्हणाले नाहीत काही. वही दाखवली फक्त. आम्हाला वाटलं, एवढे मोठे मास्तर दारी आले... आतल्या खाटेवर पडलेत. धाकटीला त्यांच्यापुढे बसवलंय."

"आई, तिला उठव तिथून! आत्ताच्या आत्ता!"

"उठवलं होतं गं. काल. रडत होती म्हणून." आईचा आवाज आणखी खाली गेला. "ती उठली, तसे ते उठले. तुझे बाबा मध्ये गेले... बारके, बाबा कालपासून बोलत नाहीयेत. हातही हलत नाही त्यांचा... आता आम्ही तिला उठवत नाही."

जिन्यात वरून मुली हसत उतरत होत्या. त्या गेल्या. आई वाट पाहत होती.

"त्यांना तूच हवी आहेस बहुतेक," आई शेवटी म्हणाली. "तू आलीस तर धाकटीला सोडतील. तू कधी येतेस?"

बारकीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं परत पहिल्यासारखी सरळ होत होती. त्या बाकावर ती तीन महिने बसली होती. धाकटीला अजून तीनच दिवस झाले होते.

"उद्या पेपर आहे, आई," ती म्हणाली. "परीक्षा झाली की येते."

तिने फोन ठेवला, मग बंद केला.

गणिताचा पेपर कठीण होता. शेवटचं गणित तिला सुटलंच नाही. ते पान तिने कोरं सोडलं आणि ती बाहेर आली. त्यानंतर आणखी चार पेपर होते. ते झाल्यावर प्रात्यक्षिकं होती. घरी जायचं रोज उद्यावर ढकललं जात होतं, आणि फोन बंदच होता.

दहाव्या दिवशी प्राध्यापकांनी पेपर वाटले. बारकीचा सगळ्यांत शेवटी, वर धरून. पैकीच्या पैकी. "शेवटचं गणित हिच्याशिवाय एकालाही आलेलं नाही," ते म्हणाले. "फक्त अक्षराकडे लक्ष दे. शेवटी शेवटी फारच बिघडलंय."

तिने शेवटचं पान उघडलं. ते कोरं नव्हतं. गणित पूर्ण सोडवलेलं होतं, पेन्सिलीने, धाकटीच्या मोठ्या गोल बाळबोध अक्षरात, एकेक आकडा दाबून दाबून, ओळी उजवीकडे घसरत गेलेल्या. शेवटच्या तीन ओळी मात्र डाव्या हाताने लिहिल्यासारख्या होत्या.