मधल्या जागेचा डाग

चंद्रपूरच्या उष्णता संशोधन संस्थेत नवा कॅमेरा आला, तेव्हा मे महिना चालू होता आणि संस्थेतलं कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. न बोलणं वर्षभर चाले.

कॅमेरा खिशात मावेल एवढा होता. मोठा मागवला होता, पण मंजुरीच्या एकेका टेबलावरून जाताना तो लहान होत गेला. प्रयोगशाळेच्या टेबलावर खोका ठेवला गेला, त्याला कुंकू लावलं गेलं आणि संचालक डॉ. दिनकर पाचखेडे यांनी नारळ फोडला. नारळाचं पाणी वापरसूचनेच्या पुस्तिकेवर पडलं. त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही, कारण ती कुणी वाचणार नव्हतं.

"साधा कॅमेरा नाही हा," दृक्‌शास्त्र विभागाचे डॉ. हेमराज उईके म्हणाले. ते सहसा भिंतीकडे बघून बोलत. "हा साक्षिचित्रक आहे. यानं काढलेल्या प्रत्येक चित्रावर आतल्या आत प्रमाणमुद्रा उमटते. नंतर त्यात एक ठिपका जरी बदलला, तरी मुद्रा तुटते."

हे सगळ्यांना माहीत होतं. खोटी चित्रं बनवणं फुंकर मारण्याइतकं सोपं झाल्यापासून सरकारनं साक्षिचित्र कायदा आणला होता. नव्या शोधाच्या पहिल्या यशस्वी चाचणीचं साक्षिचित्र काढायचं. त्यात ज्याचा चेहरा दिसेल, तो संशोधक. हक्कपत्र स्वीकारतानाही पुन्हा तेच. स्वीकारणाऱ्याचा चेहरा चित्रात नसेल तर हक्क रद्द, चाचणी नव्यानं. कागदपत्रं बघायची नाहीत. कागद कुणीही लिहितो, असं कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं होतं, आणि ती प्रस्तावना सरकारी अधिकाऱ्यांनी लिहिलेली असल्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

उपसंचालक डॉ. मंदाकिनी वैरागडे यांना हा कायदा इतरांपेक्षा जरा जास्त पाठ होता. संस्थेच्या नावावर दोन शोध होते. दोन्ही त्यांनी लावले होते. दोन्ही पाचखेडे साहेबांच्या नावावर होते, कारण दोन्ही वेळा साहेब म्हणाले होते, "मॅडम, तुमचा हात फार स्थिर आहे. फोटो तुम्हीच काढा." जुन्या भाड्याच्या साक्षिचित्रकामागे त्या उभ्या राहिल्या, आणि साहेब समोर.

आता तिसरा शोध तयार होत आला होता. शीतपत्रा. छपरावर टाकायचा साधा दिसणारा पत्रा, पण अंगातली उष्णता थेट आकाशात फेकणारा. वीज लागत नाही, पंखा लागत नाही. चंद्रपूरच्या उन्हात त्याच्याखाली ठेवलेल्या वाटीतल्या पाण्याचा बर्फ व्हायला हवा. वैरागडेंनी त्यासाठी नऊ वर्षं घालवली होती. या खेपेला त्यांना फोटोत यायचं होतं. बाकी काही नको होतं.

"आधी जुळणी करावी लागेल," उईके म्हणाले. त्यांनी बॅटरी बसवली, मनगटपट्टा ओवला, तारीख-वेळ लावली. भाषा विचारल्यावर मराठी निवडली. पडद्यावर उमटलं : 'प्रकाशसंवेदना स्वयंनियंत्रित ठेवू इच्छिता काय?'

"हे काय विचारतंय?" पाचखेडेंनी विचारलं.

"प्रकाश आपोआप ठरवू का, असं."

"मग तसं विचारावं ना जी. बरं, हो म्हणा."

यानंतर साहेबांनी कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला आणि त्याला आपल्या आवडीप्रमाणे करायला बसले. चित्र काढताना होणारा 'खट्' आवाज बदलून टाळ्यांचा केला. एक कळ मोकळी होती, तिला काय काम द्यायचं, असं कॅमेऱ्यानं विचारलं, तेव्हा तिला 'समूहचित्र' दिलं. सुरू होताना पडद्यावर मालकाचं नाव यायची सोय होती. तिथे 'डॉ. पाचखेडे यांच्या मार्गदर्शनाखाली' असं लिहिलं. मग त्यांना मध्यरेषा सापडली. चौकटीच्या बरोबर मधून जाणारी बारीक उभी रेघ, फक्त काढणाऱ्याला दिसणारी.

"ही चालू ठेवा," ते म्हणाले. "मागल्या वेळी मॅडमनी मला अर्धं बोट डावीकडे घेतलं होतं."

"पाव बोट," वैरागडे म्हणाल्या.

"आता राहिली डागनोंद," उईके म्हणाले. "लक्ष द्या, ही एकदाच होते. या कॅमेऱ्याचं कणपटल, म्हणजे ज्यावर प्रकाश पडतो ती चकती, नखाएवढी आहे. तिच्यावर धुळीचा कण बसला तर चित्रात ढेकळाएवढा दिसतो. आणि प्रमाणमुद्रेमुळे हा उघडून पुसता येत नाही. म्हणून कंपनीनं युक्ती केली आहे. सुरुवातीला चाळीस चित्रं काढायची. चाळीसही वेगळी. झाड, भिंत, रस्ता, म्हैस, काहीही. कॅमेरा ती एकमेकांवर ठेवून बघतो. जे प्रत्येक चित्रात त्याच जागी आणि त्याच रंगाचं दिसतं, ते बाहेरच्या जगातलं असूच शकत नाही. तो डाग. पुढे कायम त्या जागी तो रंग आला की कॅमेरा तेवढा भाग पुसतो आणि शेजारचं बघून भरून काढतो. मुद्रा त्यानंतर उमटते."

"नंतर बदलता येतं?" वैरागडेंनी विचारलं.

"नाही. बदलता आलं असतं तर कुणीही नको तो माणूस डाग म्हणून नोंदवला असता."

पाचखेडे ऐकत नव्हते. ते भांग सारखा करत होते. "पहिला फोटो माझा," ते म्हणाले.

"साहेब, चाळीसही वेगळे हवेत."

"वेगळेच असतील. मी वेगवेगळ्या ठिकाणी उभा राहीन." त्यांनी वैरागडेंकडे कॅमेरा दिला. "मॅडम, तुमचा हात स्थिर आहे."

वैरागडेंनी उईकेंकडे पाहिलं. उईकेंनी भिंतीकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची प्रकाशमापनाची खोली वैरागडेंनी शीतपत्र्यासाठी घेतली होती आणि तेव्हापासून ते जिन्याखाली बसत. कुणालाही कुठल्याही संकटातून वाचवायचं नाही, असं त्यांनी जिन्याखाली ठरवलं होतं.

आठवडाभर फोटो निघाले. फाटकापाशी साहेब. पाण्याच्या टाकीपाशी साहेब. म्हशीपाशीसुद्धा साहेब, म्हैस कडेला. रोज नवी सफारी, मागे रोज नवा देखावा. मध्यरेषेवर तेच गोल तोंड आणि पोटाशी शेजारी शेजारी ठेवलेले तेच दोन हात. वैरागडे एक डोळा मिटून रेघ जुळवत आणि कळ दाबत. कॅमेऱ्यातून टाळ्या वाजत. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना फोटो काढायला आनंद होत होता.

चाळिसाव्या चित्रानंतर पडद्यावर उमटलं : 'डागनोंद पूर्ण. तीन डाग आढळले.'

"फक्त तीन?" पाचखेडे म्हणाले. "चांगला आहे माल."

पुढच्या सोमवारी जिल्हा विज्ञान मंडळानं साहेबांचा सत्कार केला. कशाबद्दल, ते मंडळालाही नीटसं माहीत नव्हतं. नव्या कॅमेऱ्यानं काढलेलं सत्काराचं साक्षिचित्र मोठं करून सभागृहात लावलं गेलं आणि लोक समोर जमले. चित्रात अध्यक्ष होते, फुलदाणी होती. मधोमध मोरपंखी शाल पांघरलेली एक करडी सफारी उभी होती. सफारीच्या कॉलरच्या वर मागच्या भिंतीवरचं घड्याळ स्वच्छ दिसत होतं. नारळ पोटाच्या उंचीवर कुणाच्याही आधाराशिवाय थांबला होता.

"गेले का जी साहेब?" मागून कुणीतरी हळहळून विचारलं.

साहेब त्याच्या शेजारीच उभे होते.

संचालकांच्या खोलीत दार बंद करून तिघे बसले. पाचखेडे काळेनिळे झाले होते.

"हा मला पुसतो! मला! तुम्ही दोघांनी मिळून केलं हे!"

"आम्ही दोघं मिळून काही करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे," वैरागडे म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"त्याला साहेब कळत नाहीत," उईके म्हणाले. "त्याला माणूसच कळत नाही. जागा कळते आणि रंग कळतो. मधोमध या उंचीवर कातडीचा रंग, खाली दोन ठिकाणी तोच रंग. हे डाग, एवढंच त्याला ठाऊक."

"दुसरा कॅमेरा मागवा!"

"वर्ष लागेल."

"मग चाचणी वर्षभर पुढे ढकला."

वैरागडेंचं हसू थांबलं. "शीतपत्र्याचा लेप पावसाळ्यात धुपतो. मेमध्येच चाचणी व्हायला हवी. पुढे ढकलली तर मी आयुक्तांना लेखी कळवीन की संचालकांचा चेहरा फोटोत येत नाही म्हणून शोध थांबला आहे."

पाचखेडेंनी पंख्याचा वेग वाढवला. मग त्यांनी उईकेंना विचारलं, "मी दिसायचं असेल तर?"

"मधली जागा सोडा. कडेला उभे राहा."

"कडेला." साहेबांनी तो शब्द खडा चावल्यासारखा उच्चारला. "मी?"

"किंवा मध्ये राहा आणि दिसू नका."

चाचणीच्या दिवशी दुपारी छपराखाली सावलीतही अंग भाजत होतं. खांबांवर शीतपत्रा बसवला होता आणि त्याखाली स्टीलची वाटी. कायद्यानं हजर असावे लागणारे दोन पंच पाण्याच्या बाटल्या कपाळाला लावून बसले होते. वाटीतल्या पाण्यावर आधी साय धरावी तसं काहीतरी दिसलं, मग कडेनं पांढरी सुई सरकली आणि बघता बघता सगळं पाणी घट्ट झालं. एका पंचानं बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "अरे बाप!" तो म्हणाला. शीतपत्र्याबद्दल मनापासून निघालेले ते पहिले आणि शेवटचे शब्द.

कॅमेरा उईकेंकडे होता. पाचखेडे ठरल्याप्रमाणे डाव्या टोकाला जाऊन उभे राहिले. कडेला कसं उभं राहतात हे माहीत नसल्यानं ते तिरपे झाले होते, आणि चेहरा दात दुखत असल्यासारखा होता. मधली जागा मोकळी होती. संस्था स्थापन झाल्यापासून ती कधी मोकळी नव्हती.

वैरागडे पांढरा अंगरखा नीट करत त्या जागी गेल्या. वाटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. नऊ वर्षांत त्यांनी हा फोटो मनात इतक्यांदा काढला होता की उभं कसं राहायचं हे त्यांना ठरवावं लागलं नाही.

"मध्यरेषा जुळली का?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर," उईके म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या.

प्रमाणमुद्रा उमटली. पडद्यावर चित्र आलं. मधोमध एक पांढरा अंगरखा होता. त्याच्या वर शीतपत्र्याचा खांब दिसत होता, आणि त्याच्यासमोर हवेत बर्फाची वाटी. डाव्या टोकाला, तिरपे, दात दुखत असलेले, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत संपूर्ण, डॉ. दिनकर पाचखेडे.

पंचांनी पाहिलं आणि लिहून घेतलं : संशोधक एक.

लोक पांगल्यावर वैरागडे उईकेंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बर्फाचं पाणी त्यांच्या मनगटांवरून ओघळत होतं. "तुम्हाला ठाऊक होतं."

"मी सांगितलं होतं. जागा कळते, रंग कळतो. साहेब कळत नाहीत असंही सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा हसत होता."

"आजवर दुसऱ्या कुणाचा चेहरा कधी पुसला गेला नाही!"

"आजवर मध्ये दुसरं कोण उभं राहिलंय?" उईके म्हणाले. आणि कॅमेरा खोक्यात ठेवत, "खोलीला खिडकी होती माझ्या."

पाचखेडेंनी या घटनेचा आपल्या परीनं अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला. "कॅमेऱ्याची चूक त्याच्या लक्षात आली," ते भेटेल त्याला सांगत. "यंत्रच ते, शिकतं. आधी मला ओळखलं नाही. आता बरोबर ओळखलं, आणि कुणाला पुसायचं तेही ओळखलं." उईकेंनी हे ऐकलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

हक्कपत्र द्यायला आयुक्त स्वतः आले. मांडव घातला होता. हक्कपत्राची चौकट सागवानी होती आणि साहेबांची सफारी बदामी. स्वीकारतानाचा, कायद्यानं लागणारा फोटो कुणी काढायचा हा प्रश्न आला, तेव्हा वैरागडे उठल्या.

"मी काढते, साहेब. माझा हात स्थिर आहे."

पाचखेडेंनी क्षणभर त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. पण मॅडमचा चेहरा इतका पडलेला होता की साहेबांना समाधान वाटलं. पराभूत माणसानं आपल्या हातानं विजय टिपावा, याहून चांगलं काय असतं! ते आयुक्तांच्या डावीकडे, जरा कडेला उभे राहिले. एकदा लागलेली सवय म्हणा किंवा उरलेली भीती.

वैरागडेंनी कॅमेरा डोळ्याशी नेला, आणि खाली घेतला.

"साहेब, तिकडे कोपऱ्यात का? कारकुनासारखे दिसताय."

मांडवात कुणीतरी हसलं. साहेबांची मान ताठ झाली.

"आज तुमचा मान आहे जी," वैरागडे म्हणाल्या. "कॅमेरा तर ओळखतोच आता तुम्हाला. तुम्हीच सांगत होता ना?"

"ओळखतोच," पाचखेडे म्हणाले.

"आयुक्त साहेब, तुम्ही जरा उजवीकडे. हां. साहेब, मध्ये या. अजून थोडं. हात नेहमीसारखे, पोटाशी. चौकट खाली, हात वर दिसू द्या."

उईके पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी तोंड उघडलं. वैरागडेंनी कॅमेऱ्याआडून एक डोळा त्यांच्यावर रोखला आणि म्हणाल्या, "खोली रिकामी करते मी. खिडकीसकट."

उईकेंनी तोंड मिटलं आणि भिंत शोधली. मांडवाला भिंत नव्हती. ते छताकडे बघत बसले.

मध्यरेषा साहेबांच्या नाकाच्या शेंड्यावरून, बरोबर मधून गेली. पाव बोटाचाही फरक नव्हता.

टाळ्या वाजल्या. आधी कॅमेऱ्यातून, मग मांडवातून.