पहिली झोळी

यातलं काहीही मी रचलेलं नाही. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. जे तपासता येत नाही त्यावर बोलायची मला सवय नाही.

१९६७, नोव्हेंबर. मंगळवार, दुपारी एक. ठिकाण वलवण, धरणाकडच्या वस्तीतलं झुंबरबाईंचं घर.

माझी चंपा तेव्हा आठ महिन्यांची होती. तिला झुंबरबाईंकडे ठेवून मी लोणावळ्याला शाळेत जायचे. मजुरीला जाणाऱ्या बायकांची आणखी तीन मुलं तिथे असायची, आणि बाईंची स्वतःची नात. एकच खोली. आढ्याला लुगड्याच्या पाच झोळ्या, ओळीने.

पहिली चुलीजवळ. ती नातीची.

पण सोमवारी संध्याकाळी चंपा मला त्या झोळीत दिसली.

"जागा बदललीत, मावशी?"

"थंडी पडलीया. हितं ऊब हाय. मास्तरीणबाईंची पोर, तिला चांगली जागा नगं का?"

मला बरं वाटलं. मी आभारही मानले.

मंगळवारी शाळा लवकर सुटली. झुंबरबाई दाराकडे पाठ करून अंगणात बसल्या होत्या. मांडीवर नात.

आतून आवाज येत होता... सहाणेवर घुटी उगाळल्याचा.

खर्र... खर्र...

"आत कोण आहे?"

"कुनी न्हाई."

"मग उगाळतंय कोण?"

त्या उठून दारात आडव्या आल्या. "तुमची येळ साडेपाचची. साडेपाचला या."

"बाजूला व्हा."

"तिचं हुईस्तवर आत जायाचं न्हाई, बाई!"

मी त्यांना ढकललं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला ढकललं.

आवाज थांबला.

आत कुणी नव्हतं. मागे दार नाही. खिडकीला गज. तीन मुलं शांत झोपलेली.

सहाण मात्र... ओली होती.

आणि पहिली झोळी हलत होती.

चंपाची मान लुळी पडली होती. ओठांवर तपकिरी ओघळ. मी बोटाने पुसून जिभेला लावला.

कडू. अफू.

पोरं निजून राहावीत म्हणून घुटीत अफू घालायची रीत तेव्हा होती. मला ती माहीत होती.

"किती दिलीत?"

"म्या न्हाई! अफू पिऊन येसूचं पोर उठलंच न्हाई, तवाच सोडली म्या."

"कोण येसू?"

"तिचं पोर त्याच झोळीत निजायचं. मागल्या आठवड्यात तिनंबी धरणात जीव दिला. तवापासनं येती... त्या झोळीत असंल त्याला पाजती."

"झोळी काढून का नाही टाकलीत?"

"दोनदा जाळली. सकाळी हाय तितंच. रिकामी ठिवली तर नातीला हुडकती."

"आणि तुम्ही माझ्या मुलीला तिथे घातलंत."

झुंबरबाईंनी नातीला छातीशी घट्ट धरलं. नजर माझ्यावरच.

"तुमाला दुसरी हुईल. माझी ही एकलीच हाय."

चंपाने दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, सांभाळणाऱ्या बाईनेच पाजलं. मीही सगळ्यांना तेच सांगत आले.

पण आत उगाळणं चालू होतं तेव्हा झुंबरबाई माझ्यासमोर उभ्या होत्या. हात कोरडे.

चंपा आता अठ्ठावीस वर्षांची आहे, स्वतः आई आहे. कामावर जाताना बाळ माझ्याकडे ठेवते. मी घरात सहाण ठेवत नाही. झोळीही बांधू देत नाही.

परवा दुपारी बाळ रडत होतं. मी स्वयंपाकघरात दूध गरम करत होते.

रडणं एकदम थांबलं.

खर्र... खर्र...

मी धावले. खोलीत कुणी नव्हतं. बाळ पाळण्यात गाढ झोपलेलं.

मी त्याच्या ओठांवरून बोट फिरवलं. जिभेला लावलं.

कडू.